ऐंशीचे आजोबा

"ऐंशीचे आजोबा कोन हायेत? आत घ्या त्यांना," प्रमिला सिस्टर केसपेपर हातात धरून दारातूनच ओरडली, आणि नानांनी पाय आवरून घेतले. बाकावर आणखी एक म्हातारा होता, भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपलेला. नानांना वाटलं, त्यालाच बोलावताहेत. त्याला जायला वाट हवी म्हणून त्यांनी आपले तापाने थरथरणारे पाय बाकाखाली ओढले, शाल गुडघ्यांवर घेतली आणि शेजारच्याला हलक्या हाताने हलवलं. "अहो, उठा. तुम्हाला बोलावतायत." म्हातारा डोळे न उघडताच म्हणाला, "मी नाय. मना पलिस्तर काढायचाय." मग सिस्टरने नाव वाचलं. महादेव दिघे, म्हणजे नानाच. नाना सावकाश वळले आणि त्यांनी आपल्या मुलाकडे, कुमारकडे, पाहिलं. रागाने नाही, विचारायचं म्हणूनही नाही. नुसतं पाहिलं. कुमारचे कान तापले. तो नानांच्या चपला शोधायला खाली वाकला. चपला नानांच्या पायातच होत्या. तरी तो बाकाखाली बघत राहिला, कारण वर तोंड काढणं अवघड होतं. बेलापूरच्या ऑफिसात बसून पंचवीस माणसांच्या रजा मंजूर आणि नामंजूर करणारा माणूस पनवेलच्या एका नर्सिंग होमच्या फरशीवर उकिडवा बसून नसलेल्या चपला शोधत होता.

नाना शहात्तरचे होते. शाळेच्या दाखल्यावर चौऱ्याहत्तर, कारण त्या काळच्या मास्तरांनी वर्गातल्या सगळ्यांनाच एक जून ही जन्मतारीख वाटून टाकली होती आणि साल अंदाजाने ठोकलं होतं. त्या पिढीत अशी दोन-दोन वयं सगळ्यांनाच असत, एक सरकारी आणि एक घरचं. घरचं वय मात्र पक्कं होतं. नाना मानमोडीच्या, त्या मोठ्या इन्फ्लुएंझाच्या साथीतले, एकोणीसशे अठरा सालचे. घरातली सगळी मोठी माणसं अंथरुणाला खिळलेली, आजी, म्हणजे नानांची आई, बाळंतीण आणि तापाने फणफणलेली, तान्ह्या नानांजवळ बसायला कोणीच नाही, म्हणून अडीच वर्षांच्या तात्याला, नानांच्या थोरल्या भावाला, शेजारी बसवून त्याच्या हातात पंच्याचं टोक दिलेलं, माश्या वारायला. तात्या बसल्या बसल्या पेंगायचा आणि झोपेतही त्याचा हात हलत राहायचा, असं आजी सांगायची. कुमारने ही गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की तो पंचासुद्धा त्याला दिसायचा, लाल काठाचा. तात्या गेले त्या दिवशी स्मशानातून आल्यावर नाना अंगणात पाय धुता धुता म्हणाले होते, "माझ्या माश्या वारल्या रे त्याने," आणि मग कितीतरी वेळ पायांवर पाणी ओततच राहिले होते. या हिशोबात ऐंशी कुठेच नव्हते. ऐंशी कुमारने आणले होते.

आत नेऊन त्यांनी नानांना खाटेवर निजवलं. प्रमिला सिस्टरने शीर शोधली, सुई लावली, बाटली टांगली. "आजोबा, हात हलवू नका हां. तुमी लई गुणाचे हाव," ती म्हणाली. नाना हसले. त्यांचे डोळे पुन्हा पिवळे झाले होते, हळद लागल्यासारखे, आणि हसल्यावर तो पिवळेपणा जास्तच उठून दिसला. कुमार खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली जुन्या पनवेलचा बाजार होता. सुक्या मासळीचा वास, हातगाड्या, उरणकडच्या बायकांचा कलकलाट. नानांना कळलं असेल का, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात घोंघावत होता. कळायचं काय त्यात? केसपेपरवर काहीही लिहिलेलं असतं. एकदा त्यांनी शोभाचं, त्याच्या बायकोचं, नाव शुभा लिहिलं होतं. नानांना वाटेल, तशीच चूक. पण मग त्यांनी मागे वळून कुमारकडेच का पाहिलं? सिस्टरकडे का नाही?

याचं उत्तर त्याला ठाऊक होतं, आणि ते खाली बाजारातच होतं. नाना वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. कुमार चौथी-पाचवीत असताना त्यांची बदली इथेच होती, आणि सुटीच्या दिवसांत ते त्याला कधी कधी फिरतीवर बरोबर न्यायचे. एका वाण्याच्या दुकानात नाना उभे राहिले, तराजूकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या माणसाशी पाऊसपाण्याच्या दोन गोष्टी बोलले, आणि मग एकदम म्हणाले, "शेटजी, तागडी उलटी करा." तागडीखाली लिंबाएवढी चिंच चिकटवलेली होती. शेटजींच्या बोटांना ती सोडवताना लागली आणि ते ती धोतराला पुसत राहिले. कुमारला नानांपेक्षा त्या शेटजींचंच जास्त आठवत होतं. मोठा माणूस, गळ्यात सोन्याची साखळी, आणि चिंच पुसायला जागा सापडत नाही. घरी येताना त्याने विचारलं होतं, तुम्हाला न बघताच कसं कळलं? नाना म्हणाले होते, "आधी माणसाच्या तोंडाकडे बघायचं. तराजूकडे मागाहून." आज ते तेच करत होते. सवय होती ती, दुसरं काही नाही. पण कुमारला वाटलं, आपण आता तो हात कुठे पुसायचा.

एप्रिलमध्ये नानांना कावीळ झाली तेव्हा घरात कोणी फार घाबरलं नव्हतं. विचुंब्याकडून येणाऱ्या भाजीवालीने काविळीची माळ आणून दिली, डोक्यावर घालायची, ती वाढत वाढत खांद्यावर उतरते म्हणे, आणि नानांनी ती शोभाचं मन राखायला दोन दिवस घातलीसुद्धा. मग अंगाला खाज सुटली. रात्रंदिवस खाज. नाना दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे आणि कोणी आलं की सरळ व्हायचे. लघवी कोऱ्या चहासारखी. सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की ही नुसती कावीळ नाही. पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, आणि चांगला मोठा, जांभळाच्या बीएवढा. मुंबईला नेलं, तिथे तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड थोडं कापलं, तारेच्या जाळीत खडा धरला, पण तो फुटेना आणि निघेना. शेवटी खड्याच्या बाजूने एक प्लॅस्टिकचा बारीक पाईप सरकवून ठेवला, पित्त वाहायला वाट हवी म्हणून. तिथल्या तरुण डॉक्टरने कुमारला पुढचे रस्ते समजावून सांगितले. एक, पोट उघडून खडा आणि पित्ताची पिशवी काढून टाकायची. त्रास एकदाच, पण वय आणि भूल यांचा धोका. दुसरा, हा पाईप असाच ठेवायचा आणि तीन-चार महिन्यांनी बदलत राहायचं. तो गाळाने बुजतो, बुजला की थंडी वाजून ताप. तिसरा, खडा फोडायची नवी यंत्रं येताहेत, पुन्हा प्रयत्न करून बघता येईल, पण खात्री नाही. "तुमच्या पनवेलला डॉक्टर ठोसर चांगले सर्जन आहेत. त्यांना दाखवा. ते करतील तर सगळ्यात बरं," तो म्हणाला होता.

नानांना हे सगळं घरी आल्यावर कुमारनेच सांगितलं होतं आणि नानांनी एका वाक्यात निकाल दिला होता. "काढून टाका. एकदाच काय ते होऊन जाऊ दे." ते जेवत होते तेव्हा. पानात मऊ भात आणि ताक. शोभाने वालाचं बिरडं केलं होतं ते त्यांना वाढलं नव्हतं, आणि त्यांनी वाटीकडे बोट दाखवून हसत म्हटलं होतं, "हे परत खायचं तर खडा बाहेर पाहिजे ना."

आणि मग ठोसरांची केबिन. नाना बाहेर बाकावर, कुमार आत. डॉक्टरांनी मुंबईचे कागद चाळले, हृदयाचा कागद उजेडात धरला, मान हलवली. "हार्ट चांगलंय. शुगर नाही. चौऱ्याहत्तर लिहिलंय. मी उघडून काढीन. रिस्क आहे, तुम्हाला सही करावी लागेल, पण काढीन." सही हा शब्द कुमारने ऐकला. त्याला एकदम सगळे नातेवाईक दिसले, पांढरे कपडे घालून आपल्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेले. इंदूरची बहीण रंभा, तिचा तो मोठा आवाज. चांगले हिंडते-फिरते नाना, कुमारने कापायला दिले. हे वाक्य आयुष्यभर आपल्यामागे फिरेल. पाईपचं काही झालं तर असं कोणी म्हणणार नाही. म्हणतील, वय झालं होतं. आणि मग त्याच्या तोंडून, अगदी सहज, वेळ विचारल्यावर सांगावी तसं निघून गेलं, "चौऱ्याहत्तर ते शाळेतलं हो. खरं ऐंशी आहे." डॉक्टरांनी मान वर केली आणि ते हसले. "एक जून का? आमच्या वडिलांचंही एक जून." कुमारही हसला. दोघे हसले. मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ऐंशी म्हणजे मग मी हात लावणार नाही. या वयात नको. पाईपवर ठेवू." कुमारला त्या क्षणी जे वाटलं ते सुख होतं. नंतर कितीही विचार केला तरी त्याला दुसरा शब्द सापडला नाही. बाहेर येऊन त्याने नानांचं कोपर धरलं आणि म्हणाला, "डॉक्टरच नको म्हणाले."

डॉक्टरच नको म्हणाले. हे वाक्य त्याने शोभाला सांगितलं, इंदूरला फोनवर सांगितलं, ऑफिसात सांगितलं, आणि प्रत्येक वेळी लोकांनी माना हलवल्या. किती समजूतदार मुलगा. या वयात कशाला त्यांचे हाल. शोभा तर म्हणालीही, "बरं झालं बाई, त्या डॉक्टरांनी खरं ते सांगितलं." खोटं बोललं की ते एका जागी राहील असं त्याला वाटलं होतं, केसपेपरवरच्या त्या एका रकान्यात. पण ते घरभर पसरलं. नाना सकाळी दुधाची पिशवी आणायला खाली जात, ते शोभाने बंद केलं. त्यांची मुलीएवढी लाडकी छत्री माळ्यावर गेली. जिना उतरताना रेवा, त्याची मुलगी, आजोबांचा हात धरायला लागली, आणि नानांनी एक-दोनदा तो सोडवून घेतला, मग सोडवेनासे झाले. आकडा कोणाला माहीत नव्हता, पण सगळे त्याच आकड्याप्रमाणे वागत होते. पावसाळाभर नाना गॅलरीत खुर्चीवर बसून राहिले. कधी मधेच म्हणायचे, "कुमार, त्या ठोसरांना पुन्हा विचार ना. शहात्तर म्हणजे काही फार नाही रे." आणि कुमार पेपर न दुमडता म्हणायचा, "नाना, डॉक्टर नको म्हणतात तर आपण कशाला?" एकदा पाईप बदलून आणला. काल पुन्हा थंडी भरली, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते, आणि त्या दातांच्या आवाजात कुमार शेजारी बसून कपाळावर पट्ट्या बदलत राहिला, मन लावून, एकही पट्टी वाळू न देता. आपण इतकं करतोय, असंही त्याला वाटून गेलं. त्याची त्याला आत्ता, खिडकीत उभं असताना, सगळ्यात जास्त लाज वाटली. खोट्याची वाटली नव्हती एवढी.

दुपारपर्यंत ताप उतरला. नानांना घाम आला, त्यांनी पाणी मागितलं, खिडकी उघडायला सांगितली. "सुके बोंबील," ते म्हणाले आणि डोळे मिटून वास घेतला. कुमारला वाटलं, आता विचारतील. त्याने उत्तर जुळवून ठेवलं होतं: क्लार्कची चूक असेल, बघतो मी. पण नानांनी विचारलं ते एवढंच, "तू जेवलास का?" त्याने हो म्हटलं. तेही खोटं होतं, आणि इतकं अनावश्यक की तो स्वतःच दचकला.

डॉक्टर ठोसर आले तेव्हा त्यांनी नानांचं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि खाटेच्या कडेलाच बसले. उंच, थकलेला माणूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. "पाईप बुजलाय. आज इंजेक्शनांनी निभावलं. संध्याकाळी व्हॅनने मुंबईला न्या, उद्या सकाळी बदलतील. पण मिस्टर दिघे, हे असंच होत राहणार. दर वेळी आपण वेळेवर पोचूच असं नाही." मग ते नानांकडे बघत राहिले, त्यांच्या दंडाची कातडी त्यांनी दोन बोटांत धरून सोडली. "खरं सांगू का, हे मला ऐंशीचे वाटत नाहीत. सकाळपासून डोक्यात आहे. पंच्याहत्तरच्या आसपास असते ना, तर हा ताप निवळल्यावर मी इथेच उघडून खडा काढून टाकला असता. अजूनही काढीन. तुमची ऐंशीची खात्री आहे?"

खोली एकदम फार उजेडाची झाली असं कुमारला वाटलं. प्रमिला सिस्टर बाटली बदलत थांबली होती. बोलायचं होतं ते फक्त एका शब्दाचं होतं. शहात्तर. त्यात कोणाला काही सांगावं लागलं नसतं, माफी मागावी लागली नसती. माझी चूक झाली, अठरा सालचा जन्म, एवढ्यावर भागलं असतं. डॉक्टर हसले असते, एक जूनची गोष्ट पुन्हा निघाली असती. पण त्या एका शब्दाच्या मागे दुसरा प्रश्न उभा होता, मग तुम्ही ऐंशी का सांगितलंत, आणि तो प्रश्न नानांच्या देखत, सिस्टरच्या देखत. कुमारने तोंड उघडलं. तो म्हणाला, "म्हणजे... तसं घरात म्हणतात..." डॉक्टरांनी क्षणभर वाट पाहिली आणि ते नानांकडे वळले. "आजोबा, तुम्हीच सांगा. वय किती तुमचं?"

नानांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. आधी त्यांनी कुमारच्या तोंडाकडे पाहिलं. चांगलं निवांत पाहिलं, बाजारात पाहायचे तसं, आणि कुमारला नजर काढून घेता आली नाही. त्याला कळलं की नानांनी तागडी उलटी केलीय, सकाळीच, बाकावर बसल्या बसल्या, आणि दिवसभर ते ती हातात धरून आहेत. आता ते म्हणतील. म्हणू देत, असं त्याला मनापासून वाटलं. त्यांनी म्हणावं, ओरडावं, साऱ्या नर्सिंग होमला ऐकू जाऊ दे.

"ऐंशी," नाना म्हणाले. "तो सांगतो ते बरोबर आहे."

डॉक्टर उठले. "मग पाईपच," ते म्हणाले आणि नानांच्या खांद्यावर थोपटून गेले. प्रमिला सिस्टर म्हणाली, "ऐंशीला बी काय तब्बेत हाय आजोबांची, नजर नको लागाय." नानांनी उशीवर मान वळवली. ज्या माणसाने उभ्या जन्मात अर्धा तोळासुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, त्याने मुलासाठी चार वर्षं खोटी सांगितली होती. आणि मुलाने ती घेतली होती. त्याला हाताला धरून पुढे नेईल असं कोणी नव्हतं, त्याने स्वतःच डॉक्टरांच्या मागे धावत जायचं होतं, पाच-सात पावलं, फार तर जिन्यापर्यंत. तो कपाटातलं सामान भरू लागला. टॉवेल, थर्मास, नानांचा चष्मा. चष्म्याची काच त्याने शर्टाने पुसली, पुन्हा पुसली.

व्हॅन निघाली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. नाना मागे आडवे, कुमार त्यांच्या उशाशी. पनवेल सुटलं, कळंबोलीचा चौक गेला, डावीकडे कामोठ्याची खाजणं लागली, पाण्यावर बगळे. ड्रायव्हर गणू खड्डे चुकवत सावकाश चालवत होता आणि आरशातून मधूनमधून मागे बघत होता. कुमारने नानांच्या छातीवरची शाल नीट केली. त्याला रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला काही अधिकार नाही हेही कळत होतं, म्हणून तो अंग आवळून बसला. नानांना वाटलं, त्याला थंडी वाजतेय. त्यांनी शालीचं टोक त्याच्या गुडघ्यावर टाकलं.

"कुमार," ते म्हणाले, "मग साल कुठलं धरायचं माझं?"

"काय नाना?"

"उद्या तिथे विचारलं तर. नुसतं वय नाही, कधी कधी जन्मसालही विचारतात. तुझं एक, माझं एक असं नको व्हायला. माणसाचं बिंग फुटतं मग." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. नव्या गावी बदली झाली की तिथले रस्ते विचारून घेत, तसे ते विचारत होते. त्यांचे पिवळे डोळे त्याच्यावर लागले होते आणि ते थांबले होते.

कुमार खाजणांकडे बघत राहिला. अजूनही व्हॅन फिरवता आली असती. गणूला सांगायचं, मागे घे. बिंग फुटू द्यायचं. बगळे मागे गेले, एक पूल गेला.

"चौदा," तो म्हणाला.

"चौदा," नानांनी म्हटलं, आणि ओठांतल्या ओठांत आणखी एकदा म्हणून बघितलं. "म्हणजे मानमोडी नाही. पहिली लढाई सुरू झाली ते साल. बरं आहे, लक्षात राहील." मग ते थोडे थांबले. कपाळाला आठी पडली, जुनी, हिशोबाची. "पण तात्या सोळाचा रे. म्हणजे मी थोरला झालो त्याच्याहून."

कुमारने शालीचं टोक पुन्हा त्यांच्या अंगावर ओढलं.

"तेवढं एक सांगून ठेव मला," नाना म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "माझ्या माश्या कोणी वारल्या म्हणायचं?"